बारा दिवसांची खोली

अकराची एसटी आमच्या फाट्यावर थांबली की माय चुलीपुढून उठून कान द्यायची. त्या गाडीतून बाबा उतरले, तर त्याचा अर्थ एकच. अमरावतीच्या चौकात आज त्यांना कोणी नेलं नाही. बाबा गवंडी. पहाटेच्या गाडीनं ते जायचे. रेक्झिनच्या पिशवीत थापी, ओळंबा आणि सुताचा गुंडा. चौकात जाऊन रांगेत उभं राहायचं, ठेकेदार येऊन बोटानं दाखवायचे, तू चल, तू चल. दहापर्यंत बोट आपल्याकडे वळलं नाही, तर परतीची गाडी. मग माय परातीत काढलेलं अर्धं पीठ परत डब्यात ओतायची. ज्वारीचं पीठ डब्यात परत पडताना फार हलका आवाज होतो. मी पुढं कितीतरी आवाज विसरले, तो विसरले नाही.

आमचं गाव भातकुलीच्या अलीकडे, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारं, त्यात डाळ शिजायची नाही. माय तासन्‌तास चुलीशी बसून फुंकणीनं जाळ करायची आणि डाळीचे दाणे तरीही दाण्यासारखेच राहायचे. धाकटे दोघं ते बोटानं वेचून खायचे. घर म्हणजे मिशनच्या शाळेमागची टिनाची एक खोली. माय शाळेच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची म्हणून ती खोली आम्हाला होती. उन्हाळ्यात टिनाखाली बसवत नसे. आम्ही चर्चच्या भिंतीच्या सावलीबरोबर सरकत सरकत दिवस काढायचो. सकाळी पश्चिमेच्या अंगाला, दुपारनंतर पूर्वेच्या.

बाबांचं नाव शांतवन. गाव त्यांना शांतवन मिस्त्री म्हणायचं. सही करायला शिकले ते मी तिसरीत असताना, माझ्याच पाटीवर. माय अजूनही अंगठाच लावते. हे मी लपवत नाही. लपवायचं असतं तर शिकले कशाला?

गेल्या जानेवारीत मी त्या आवारात पुन्हा गेले. मी आता अकोल्याला असते, एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. गावच्या चर्चचे नवे पाळकसाहेब वयानं माझ्यापेक्षा लहान, त्यांचा फोन आला होता. परदेशातून मंडळी येऊन राहिलीत, अकरा दिवस राहणार, चर्चला आणि शाळेला मदत करणार. तुम्ही आपल्या शाळेच्या, तुम्हाला इंग्रजी येतं, एक दिवस या. मग थोडं थांबून म्हणाले, "त्यांच्यात एक म्हाताऱ्या बाई आहेत. मार्था नावाच्या. त्या म्हणतात, मी इथं एक खोली बांधली होती."

अकोल्याहून बडनेरा, तिथून पुढं एसटी. खिडकीतून तुरीची शेंग वाळल्याचा वास येत होता. हिवाळ्यात आमच्या मुलखाला हा एकच वास असतो, तुरीचा आणि कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाटीचा, धुळकट, जरा गोडसर. तो नाकात शिरला आणि मी फाट्यावर उतरायच्या आधीच लहान झाले.

वसतिगृहाच्या सकाळी मला आवाजांनी आठवतात. पाच वाजता घंटा, म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. मग बादल्या. मग तीसपस्तीस मुलींचं एकदम खोकणं, आणि त्यानंतर प्रार्थनेचं गाणं, अर्धं झोपेत. पेटीचा भाता फाटलेला होता, सुराआधी श्वास ऐकू यायचा. मुली सगळ्या प्रकारच्या घरांतल्या, आमच्यासारख्या ख्रिस्ती, बौद्ध, मराठ्या-कुणब्यांच्याही. कोणाचा बाप सालदार, कोणाची माय ऊसतोडीला गेलेली. नाताळ जवळ आला की सगळ्या मिळून कामट्यांची चांदणी करायच्या आणि तिच्यावर पतंगाचा कागद चिकटवायच्या. खळीचा आंबूस वास हाताला चार दिवस राहायचा. बाबा दर नाताळला चर्चला चुना मारायचे. ओल्या चुन्याच्या वासाबरोबर माझ्या जिभेवर अजूनही करंजी येते.

चांदूर रेल्वेकडची मंदा त्याच वसतिगृहात होती. माझ्यापेक्षा दोन वर्षं मागे. करपलेली भाकरी आवडायची तिला, म्हणून मायच्या मागे मागे असायची. गणितात ती माझ्या दोन वर्षं मागे असूनही माझ्या पुढे होती. बाबा भिंत बांधायला बसले की ती नुसती बघून सांगायची, "काका, या भिंतीले अठराशे विटा लागतीन." बाबा हसायचे. भिंत झाल्यावर मोजायचे आणि मग हसायचे नाहीत.

शाळा नववीपर्यंत होती. दहावीचा वर्ग पाहिजे तर वेगळी खोली दाखवा, मग मान्यता, असं वरून कळवलं होतं. खोली नव्हती. त्यामुळे दरवर्षी नववी झाली की मुली ट्रंका उचलून घरी जायच्या, आणि घरी गेलेली मुलगी परत शाळेत आल्याचं मी पाहिलं नाही. तालुक्याला शाळा होती, पण रोजच्या एसटीनं वयात आलेली पोरगी कोण पाठवणार. मी नववीत गेले तेव्हा माझ्या आत्यानं एक स्थळ आणून ठेवलं होतं. मुलगा चांगला होता. हे मी आजही म्हणते, वाईट नव्हता. पण आत्या आली की माय मान खाली घालून पीठ मळत राहायची आणि मी मागच्या दारानं निघून जायची.

नववीच्या त्या वर्षी जानेवारीत परदेशातले पाहुणे आले. अकरा जणं, बारा दिवसांसाठी. पाहुणे त्याआधीही यायचे, एक वर्षाआड, पण गाणी म्हणून, दात तपासून, वह्या वाटून जायचे. यावेळी ते म्हणाले, आम्ही तुम्हाला खोली बांधून देतो. स्वतःच्या हातांनी.

त्यांच्या अंगाला एका पांढऱ्या मलमाचा वास यायचा, उन्हासाठी लावायचे ते. खोबरेलाचा वाटायचा पण खोबरेल नव्हे. त्यांचे बूट दाराबाहेर ओळीनं ठेवलेले असले की आम्ही मुली त्यात पाय घालून बघायचो. त्यांच्या बाटल्यांतलं पाणी मंदानं एकदा पिऊन पाहिलं. "ताई, याले चवच नाई," ती म्हणाली. गोडं पाणी आम्हाला बेचव लागायचं, एवढी मीठ लागलेली जीभ. सकाळी ते गिटार घेऊन गायचे आणि आमच्या ढोलकीच्या तालावर टाळ्या द्यायचे, नेहमी अर्धी मात्रा मागे. कोणी हसलं नाही. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी आधीच दम दिला होता.

त्यांच्यातल्या मार्था मॅडम निवृत्त मास्तरीण. साठी उलटलेली. हातात कापडी मोजे घालून विटा उचलायच्या आणि प्रत्येक वीट ठेवली की तिच्यावर थाप मारायच्या, लेकराला झोपवतात तशी. मला त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, मोठी होऊन काय होणार? तोवर मला हे कोणी विचारलं नव्हतं.

मी दुभाषी होते. पाळकसाहेबांच्या इंग्रजीपेक्षा माझं इंग्रजी बरं, म्हणून नववीतल्या मला मंडळींसमोर उभं केलं होतं. मला त्याचा गर्व होता. अख्खा गाव बघायचा, मिस्त्रीची पोरगी साहेबासंग बोलून राहिली.

पायाची आखणी झाली तेव्हा बाबा आले, दोन्ही हात कमरेवर ठेवून. फक्की मारलेल्या रेषांकडे बघितलं, दीड हाताचा चर खोदलेला होता तो बघितला आणि पाळकसाहेबांना म्हणाले, "हे काय खेळणं मांडलं?"

"शांतवन, हळू," पाळकसाहेब म्हणाले. "पाहुणे बारा दिवसांसाठी आलेत. दुसऱ्या रविवारी खोलीचं समर्पण करून जातील. त्यांच्यासमोर नाही हा शब्द काढू नका. पाहुण्याला नाही म्हणू नये."

"मी कुठं नाई म्हणून राहिलो? मी थांबा म्हणून राहिलो."

काळ्या मातीत घर बांधायची आमच्याकडे एक रीत आहे. ती पुस्तकात नाही, मिस्त्र्यांच्या तोंडी आहे. आमची माती उन्हाळ्यात फाटते. लहानपणी आम्ही वावरातल्या भेगेत खडा टाकून कान लावायचो, तो खाली कुठं पोचला हे ऐकू यायचं नाही. तीच माती पावसाळ्यात फुगते, वर उचलते, जे वर असेल त्याला ढकलते. म्हणून ती आधी खोल खोदून फेकायची, बाहेरून कडक पिवळा मुरूम आणून खड्डा भरायचा, पाणी मारून ठोकायचा. आणि मग भिंत बांधायची नाही. एक पावसाळा तो पाया तसाच उघडा सोडून द्यायचा. तो बसतो, दबतो, जिथं कच्चा असेल तिथं उघडा पडतो. मग पुन्हा भरायचा. दिवाळीनंतर भिंत. बाबा याला म्हणायचे, पायाले पावसाळा पाजणे.

बाबा माझ्याकडे वळले. "पोरी, यायले सांगजो. म्हणा, तुमचे लय उपकार. पण हे वावर व्हय. सात फूट खंदा, मुरूम भरा, ठोका अन् जा घरी. एक पावसाळा पिऊ द्या त्याले. दिवाळीनंतर वापस या, नाई तं नका येऊ, मी बांधतो एकटा. पण आता बांधसान तं दोन उन्हाळ्यात खोली फाटते. सांग."

अकरा तोंडं माझ्याकडे बघत होती. बाबांच्या शर्टाचं वरचं बटन नव्हतं. ओठावर तंबाखू होता. बोलताना ते हात असे हलवत होते की कोणालाही वाटावं, भांडून राहिले.

मुरूमाला इंग्रजीत काय म्हणतात हे मला येत नव्हतं. पण त्यावर खापर फोडणार नाही. 'थांबा'ला काय म्हणतात हे मला दुसरीपासून येत होतं.

मी हिशेब केला होता. मंदासारखा नाही, पण केला होता. आता खोली झाली तर जूनमध्ये दहावी सुरू, आणि मी दहावीत. पावसाळा पाजत बसलो तर खोली पुढच्या वर्षी, आणि मी आत्याच्या स्थळाकडे.

मी म्हणाले, माझे वडील म्हणतात देव तुमच्या हातांना आशीर्वाद देवो. ते फार आनंदात आहेत. ते म्हणतात, लवकर सुरू करू या.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या म्होरक्या साहेबानं पुढं येऊन बाबांचा हात हातात घेतला आणि हलवला. मार्था मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय म्हणतात?" बाबांनी विचारलं.

"म्हणतात चालते. त्यांच्याकडे असंच बांधतात."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. फार वेळ नाही, एखादी वीट सरळ आहे का बघायला लागतो तेवढा. मग म्हणाले, "बरं." आणि सुताचा गुंडा उचलून कोपऱ्यावर खिळा ठोकायला बसले.

ते बारा दिवस सुंदर होते. ते वाईट होते असं लिहिलं तर खोटं होईल. ओल्या विटांचा वास, गिट्टीवर पडणाऱ्या पाण्याचा आवाज, मालाच्या तगाऱ्या हातोहात जाताना मुलींची गाणी. दुपारी सगळे बाभळीखाली बसायचे. मार्था मॅडम घाट्यातला हरभरा सोलायला शिकल्या, आणि सोलून स्वतः न खाता समोर बसलेल्या लेकराला द्यायच्या. दुसऱ्या शनिवारी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, सगळं आवार तुपाच्या आणि राखेच्या वासानं भरलं. म्होरक्या साहेबाला तिखट लागलं, तो लाल झाला. मंदा म्हणाली, "ताई, हा तं पिकला!" आणि त्यानं मला विचारलं, ही काय म्हणाली? मी सांगितलं, ती म्हणते तुम्ही छान दिसता. आता मला खोटं सांगायला काही वाटत नव्हतं.

रविवारी समर्पण. नवे टिन उन्हात इतके चमकत होते की बघवत नव्हतं. बाबांनी धुतलेला शर्ट घातला होता. प्रत्येकानं खोलीसमोर फोटो काढले. बाबांना मध्ये उभं करायला गेले तर ते बाजूला सरकले. सगळ्यांना वाटलं, लाजले.

जूनमध्ये दहावी सुरू झाली. त्या खोलीत पहिल्या पावसात ओल्या सिमेंटचा थंड वास यायचा, माझ्या नाकाला जगातला सगळ्यांत श्रीमंत वास. मी पहिल्या बाकावर बसायची. आत्या एकदा येऊन गेली. माय तिला म्हणाली, "पोट्टी दहावीत हाय आता." बस, एवढंच. निकाल लागला, मला पहिला वर्ग मिळाला. बाबांनी माझी ट्रंक खांद्यावर घेतली आणि मला अमरावतीच्या कॉलेजात पोचवलं. फाटकाशी थांबले. आत येत नव्हते. "बाबा, या ना." "नाई. तुहं हाय ते," म्हणाले.

पहिली भेग तोवर पडली होती. केस जाईल एवढी, खिडकीच्या कोपऱ्यातून खाली. बाबांनी ती सिमेंटानं भरली. मी सुटीत घरी आले तेव्हा मी तिच्यावरून बोट फिरवलं. पुढच्या उन्हाळ्यात ती उघडली, बाजूला दुसरी आली. मुली त्यात खडूचे तुकडे घालून ठेवायच्या. बाबा संध्याकाळी कामावरून येऊन ओळंबा लावून भिंतीसमोर उभे राहायचे. लावायचे, बघायचे, गुंडाळून ठेवायचे. आणि जूनच्या पहिल्याच पावसात एक भिंत बाहेर झुकली. कचेरीतून एक साहेब आले, लांबूनच बघितलं आणि खोलीला कुलूप लावायला सांगितलं. कोणाला इजा झाली नाही. ही गोष्ट मी देवाच्या खात्यावर जमा मांडते. दुसरं तिथं मांडायला काही नाही.

दहावीची मान्यता गेली. नववी झालेल्या मुलींना न्यायला कोणाचे बाप आले, कोणाचे भाऊ. दोन दिवस आवारात ट्रंका ओढल्याचा आवाज होता, पत्रा मातीवर घासल्याचा. मी तेव्हा सुटीत घरीच होते. मंदाला न्यायला तिचे काका आले होते. मायनं तिच्या फडक्यात मुद्दाम करपवलेल्या दोन भाकरी बांधल्या. मंदा माझ्यापाशी आली. रडत नव्हती.

"ताई, तुहं झालं न?"

"हाव."

"मंग बरं."

तिनं टोमणा मारला असता तर मी जगले असते. तिनं खरंच विचारलं होतं. पुढं कितीतरी वर्षांनी ती मला अमरावतीच्या बसस्थानकावर भेटली, कडेवर लेकरू. वरूडकडे दिलं होतं तिला. हंगामात संत्र्याच्या खोक्यांत पेंढा भरायला जाते म्हणाली. "ट्रक लागला की मी नुसती पाहूनच सांगतो किती खोके बसतीन. मुकादम मलेच इचारते." अभिमानानं सांगत होती.

गावातल्या चहाच्या टपरीवर तेव्हा एक बोलणं निघालं आणि मग ते मिटलंच नाही. भिंत वाकडी दिसली की कोणीही म्हणायचं, "शांतवननं बांधली का वो?" पाहुण्यांचं नाव कोणी घेतलं नाही. पाहुणे देव. पाळकसाहेबांची बदली झाली. राहिले बाबा. गावात कोणी त्यांना भिंत दिली नाही. अमरावतीच्या चौकातही आमच्या गावचे लोक उभे असायचे, तिथंही ते पोचलं. शेवटची वर्षं बाबा आपल्याहून लहान मिस्त्र्यांच्या हाताखाली तगाऱ्या वाहायचे. ज्यांना त्यांनी ओळंबा धरायला शिकवला होता, त्यांच्या. मी बी.ए.ला होते, मग एम.ए.ला. घरी आले की ते विचारायचे, "काय शिकवतात?" मी सांगायची, भूगोल, जमिनीचे प्रकार. "काळी माती हाय का त्यात?" आहे बाबा, एक अख्खा धडा आहे. "मंग ठीक."

बाबा जाऊन तीन वर्षं झाली. माती दिली त्या दिवशी दुपारी माय आणि मी टिनाच्या खोलीत बसलो होतो. मी मायला सगळं सांगितलं. त्या दिवशी मी काय बोलायला हवं होतं आणि काय बोलले. मायनं तोंडावरचा पदर काढला नाही.

"त्याले मालूम होतं," ती म्हणाली.

"काय?"

"त्याच दिशी घरी येऊन म्हणे, पाया खोल खंदा म्हटल्यावर कोणी टाळ्या वाजवते का वं? पोरीनं दुसरंच सांगतलं."

"मग बोलले काहून नाहीत?"

माय चुलीतली राख सारखी करू लागली. "तू दहावीत बसशीन म्हणून," म्हणाली. "काहून म्हणजे?"

तर गेल्या जानेवारीत मी त्या आवारात उभी होते. वसतिगृहाला दारं नव्हती. कोणीतरी आत कडबा भरून ठेवला होता. शाळा आता चौथीपर्यंत, एक शिक्षक, थोडी लेकरं. नवे पाहुणे वर्गाच्या भिंतीवर फुलं आणि फुलपाखरं रंगवत होते, तेलरंगाचा वास डोक्यात जात होता. खोलीच्या जागी जोतं होतं, मधून दुभंगलेलं, त्यात गाजरगवत. टिन कोणीतरी कधीच नेले.

मार्था मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. ऐंशीच्या घरात असतील. मला ओळखलं नाही. मी नाव सांगितल्यावर ओळखलं आणि माझे दोन्ही हात धरून ठेवले. त्यांनी पर्समधून फोटो काढला. चमकणारे टिन, अकरा पाहुणे, आणि अगदी कडेला अर्धा कापला गेलेला बाबांचा खांदा. हा माझ्या स्वयंपाकघरात लावलेला असतो, त्या म्हणाल्या. मी रोज त्या खोलीतल्या मुलींसाठी प्रार्थना करते. ती खोली कुठाय? मला कोणी दाखवत नाही.

नवे पाळकसाहेब मागून हळूच म्हणाले, "मॅडम, चांगलं चांगलं सांगा. लांबून आल्यात."

मी त्यांना जोत्यापाशी नेलं. आणि सगळं सांगितलं. माझं इंग्रजी आता अडत नाही. माती कशी फुगते ते सांगितलं, मुरूम सांगितला, पावसाळा सांगितला. बाबांचं प्रत्येक वाक्य, जसं होतं तसं. मंदाचं सांगितलं. मी का खोटं बोलले तेही. म्हटलं, माझे वडील तुम्हाला थांबा म्हणत होते. मी तुम्हाला सांगितलं नाही.

पाहुण्यांपैकी कोणीतरी तिकडे हसत होतं, ब्रश पाण्यात खळखळत होता. मला वाटलं, आता या रागावतील, नाहीतर माफ करतील. दोन्हींची तयारी करून आले होते मी. अठरा वर्षं करत होते.

"आम्ही थांबलो नसतो," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मला नीट समजलं नाही. त्यांनी फोटोकडे बघितलं. "आमची परतीची तिकिटं काढलेली होती. घरी सगळ्या मंडळींना खोलीचा फोटो दाखवायचा होता. भरलेल्या खड्ड्याचा फोटो आम्ही कोणाला दाखवला असता? तू सांगितलं असतंस तरी आम्ही मान हलवली असती, आभार मानले असते, आणि दुसऱ्या दिवशी विटा रचल्या असत्या." मग अगदी हळू म्हणाल्या, "मला खरं बोलायला हवं ना. तू बोललीस म्हणून."

मग त्यांनी बाबांचं नाव विचारलं. दोनतीनदा म्हणून बघितलं, जमलं नाही. मी पुन्हा सांगितलं नाही.

मी परतीच्या एसटीत बसले तेव्हा हातात काही नव्हतं. अपराधसुद्धा नव्हता. एवढी वर्षं मी समजत होते की माझ्या एका वाक्यानं ती खोली पडली. माझं वाक्य एवढं मोठं नव्हतंच. मी खरं बोलले असते तरी खोली उभी राहिली असती, फाटली असती, मुली गेल्या असत्या, मंदा वरूडला गेली असती. फरक एकच पडला असता. एका माणसानं आपलं काम जाणून, मान वर करून जे सांगितलं, ते त्याच्या पोरीनं जगासमोर बोललेलं त्यानं ऐकलं असतं. तेवढंच माझ्या हातात होतं. ते मी दिलं नाही, आणि ज्याला द्यायचं तो मातीत आहे.

त्या खोलीत दोन वर्षं दहावीचा वर्ग भरला. पहिल्या वर्षी आम्ही नऊ मुली बसलो, सहा पास झालो. दुसऱ्या वर्षी सात बसल्या, चार पास झाल्या. तिसरा वर्ग भरला नाही. त्या दहांपैकी कॉलेजात एकटी मी गेले. मी बी.ए. झाले, एम.ए. झाले, बी.एड. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीही झालेलं नव्हतं.